ताईचे तीन महिने

"हाड कुठंय?" एक्स-रे दिव्यासमोर धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला वाटलं, मलाच विचारताहेत. मी काय सांगणार, कपाळ! मी दवाखान्यात फोन उचलणारी, तारखा देणारी बाई. एक्स-रेतलं मला एवढंच कळतं की पांढरं म्हणजे दात आणि काळं म्हणजे काहीतरी बिघडलंय. इथे तर बघावं तिथे काळंच होतं.

"वरचे पुढचे दोन्ही. मुळं धरून ठेवायला हाडच उरलेलं नाही, नुसते हिरडीच्या जिवावर उभे आहेत. काढावे लागतील."

खुर्चीत माझी ताई होती. माझी सख्खी मोठी बहीण. बावीस वर्षं ती बसस्थानकावर माइकसमोर बसून गाड्यांच्या घोषणा करते. तिच्या एका वाक्यावर शंभर माणसं पिशव्या उचलून दुसऱ्या फलाटावर धावतात, कारण तिचा शब्द न् शब्द कळतो. वरचे पुढचे दात गेले तर त्या बाईने माइकसमोर बसायचं तरी कसं?

"अहो, पण दुखत तर काहीच नाही," ताई म्हणाली. "थोडे हलतात, मधे फट पडली, म्हणून दाखवायला आले."

"हिरड्यांचं असंच असतं. दुखायला लागेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. त्यात तुम्हाला शुगर." डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण चिडल्या की मीसुद्धा उभी राहते. "दर तीन महिन्यांनी सफाईला या, असं दोन वर्षांपूर्वी मी स्वतः कार्डावर लिहिलं होतं. दर वेळी तुमची ड्युटी आडवी आली. ड्युटी दातांपेक्षा मोठी आहे का?"

ताईने मान वर केली. "कसली ड्युटी? मला तर सहा महिने सांगितलं होतं तुम्ही."

"मी? कुणी सांगितलं असं?"

ताईने नाव घेतलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरीणबाईंनीही बघितलं.

आता सांगते, आणि खरं तेच सांगते. माझ्या टेबलावर बारा खणांचा एक लाकडी डबा आहे, एकेका महिन्याला एक खण. ज्याची सफाई ज्या महिन्यात, त्याचं कार्ड त्या खणात. महिना उजाडला की मी कार्डं काढते आणि फोन करत सुटते. पंधरा वर्षांत एक तारीख चुकवली नाही, म्हणून इथे सगळे मला घड्याळ म्हणतात. सफाई किती दिवसांनी करायची, हा प्रश्न मला दिवसातून दहा वेळा येतो. उत्तर तोंडपाठ आहे. बहुतेकांना सहा महिन्यांनी, कुणाला वर्षाने चालतं, कुणाला तीनच महिन्यांनी लागतं, ते डॉक्टर तोंड बघून ठरवतात.

आणि रोज एक तरी शहाणा विचारतोच, "सफाईने दात सैल होतात म्हणे?" त्याला मी अशी झापते की बास. "अहो, दात सैल झालेलाच असतो, घाणीचा थर त्याला लिंपून ठेवतो. थर निघाला की खरं काय ते कळतं. उशीर तुमचा आणि दोष मशीनला?" समोरचा मुकाट्याने तारीख घेतो.

लोकांना एवढं ब्रह्मज्ञान सांगणारी मी स्वतः कोरडी ठणठणीत. आमच्या आईने आयुष्यात एकदाच दवाखान्यात दातांची सफाई करून घेतली, आणि वर्षाच्या आत तिचे चार दात गेले. मी तेव्हा बारा वर्षांची. शेजारच्या काकू म्हणाल्या, मशीनने खिळखिळे केले. ते जे डोक्यात बसलं, ते पंधरा वर्षं या दवाखान्यात काढूनही निघालं नाही. परक्यांच्या दातांचं मला काय पडलंय, म्हणून तिकडे बिनदिक्कत बोलायची. पण ताईचं कार्ड हातात आलं, त्यावर तीन महिने लिहिलेलं दिसलं, आणि मला आईचं बोळकं आठवलं. वर्षातून चार वेळा ते मशीन? हिच्या तोंडावर हिची नोकरी आहे, आणि या डॉक्टर पोरीला काय त्याचं!

मी कार्ड सहा महिन्यांनंतरच्या खणात टाकलं. ताईला म्हटलं, डॉक्टरांनी सहा सांगितलंय. डॉक्टरांना म्हटलं, तिला ड्युटीतून सवड होत नाही. दोघींना टोप्या घातल्या. गेल्या खेपेला तर तेही पुढे ढकललं, "ताई, एवढी काय घाई आहे गं?" म्हणून, आणि वर्ष झालं. वर मनात खूश! ताईचे दात वाचवले म्हणून खूश होते मी!

हे सगळं मी तिथेच, दोघींसमोर बोलून टाकलं.

"अजून किती जणांची कार्डं बदललीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुणाचंच नाही हो. परक्यांची कशाला बदलू? फक्त हिचं."

त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या आईंना शुगर होती?"

"होती," ताईच म्हणाली. "दात जायच्या आधी दहा वर्षं होती."

म्हणजे आईचे दात सफाईच्या आधीच सैल झाले होते. हेच तर मी रोज फोनवर लोकांना सांगत होते.

ताई खुर्चीत उठून बसली. "रक्त येतंय म्हणून मी तुला फोन केला होता. दोनदा."

"हो."

"तू म्हणालीस, ब्रश जोरात घासतेस, हळू घास."

"हो गं ताई."

"मी हळू घासत राहिले," ती म्हणाली. मग तिने तोंड डॉक्टरीणबाईंकडे फिरवलं. "माइकवर बोलता येईल मला?"

"तात्पुरते दात बसवून देते. जीभ सरावायला काही आठवडे जातील, तोवर बोलणं थोडं घसरेल. बाकीचे दात वाचतील. पण तीन महिने म्हणजे तीनच महिने."

पुढच्या आठवड्यात ताईचे दोन दात काढले. ते ट्रेमध्ये ठेवले होते, किडीचा ठिपका नाही, चांगले पांढरेशुभ्र. धडधाकट दात! मला रडू फुटलं. ताई कापूस दाबून बाहेर आली, मी तिची पिशवी घेऊन उभी होते. तिने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि गेली.

त्यानंतर तिने मला फोन केला नाही. मी केला की भाचा उचलायचा आणि "आई झोपलीये" म्हणायचा, भर दुपारी. तीन आठवड्यांनी मी बसस्थानकावर गाडीची वाट बघत होते. ताईची घोषणा झाली. स म्हटला की बारीक शिट्टी वाजत होती, आणि एक वाक्य तिने परत पहिल्यापासून म्हटलं. माझ्या मागच्या माणसाने शिट्टी वाजवून तिची नक्कल केली, तसे चारजण हसले.

"लाज नाही वाटत?" मी गर्रकन वळून ओरडले.

"तुम्हाला काय झालं? तुमची कोण लागते ती?"

मी रांग सोडून बाजूला जाऊन उभी राहिले.

परवा सकाळी दवाखान्यातला फोन वाजला. मी उचलला, नेहमीसारखं "नमस्कार, बोला" म्हटलं. पलीकडे ताई होती. शिट्टी बरीच कमी झाली होती. मला इतका आनंद झाला की खुर्चीतून उठलेच.

"ताई! अगं, कशी आहेस? मी बोलतेय!"

"कळलं मला. फोन डॉक्टरांना दे."

"अगं, सफाईची तारीख ना? मी देते की. तीन महिन्यांनीच देते, शप्पथ!"

"तू नको," ती म्हणाली. रागावलेली वाटत नव्हती. फलाट क्रमांक सांगावा तशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. "मला कधी यायचं, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

मी आत जाऊन फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.