घराचा तास

मित्रांनो, आधी चपला-बूट काढा आणि मगच बसा. मी एक जुना गालिचा आहे. जुना म्हणजे जीर्ण नव्हे, एवढे ध्यानात ठेवा. माझा लाल रंग थोडा विटला आहे, एका कोपऱ्यावर शाईचा डाग आहे. पण कितीही मुले एकदम येऊन आदळली, तरी मी कधी हूं का चूं केलेले नाही.

माझा जन्म एका मागावर झाला. मला विणायला एक नणंद आणि तिची भावजय बसत असत. डावा अर्धा भाग नणंदेचा, उजवा भावजयीचा. दोघींमधून विस्तव जात नसे. अबोला असल्यामुळे नक्षी कोणी कोणाला विचारायची? शेवटी मधोमध आल्यावर दिसले, की नणंदेची वेल चांगली जाड झाली आहे आणि भावजयीची अगदी बारीक. दोघी बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग एकदम हसत सुटल्या.

"उसवायचं का गं?" नणंदेने विचारले.

"कशाला? गाठी पक्क्या बसल्यात," भावजय म्हणाली.

त्यामुळे माझी वेल आजही मधोमध जरा अडखळते. दुकानात गिऱ्हाइके तेवढ्यावरून नाक मुरडत. मग एके दिवशी एक बाई आल्या, त्यांनी बोटाने ती अडखळलेली जागा चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "हाच द्या."

या बाई शाळेत पहिलीच्या मुलांना धर्माची ओळख करून देत. त्या शाळेत नाना तऱ्हेच्या घरांतून मुले येत. कोणाकडे संध्याकाळी दिवा लावत, कोणाकडे डोके झाकून पोथी वाचत, कोणाकडे जेवणाआधी डोळे मिटत. एवढ्याशा मुलांना हे सगळे बाकांवर बसवून कसे शिकवायचे? म्हणून बाईंनी वर्गाच्या दाराजवळची जागा मोकळी केली आणि मला पसरले.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. बाईंनी फळ्यावर 'धर्म' असे लिहिले. मुले नुकती अक्षरे जुळवायला शिकली होती. एक मुलगा उभा राहिला. त्याचा आवाज चार वर्गांना ऐकू जाई, म्हणून वर्गाने त्याला 'भोंगा' ही पदवी दिली होती. तो खणखणीत आवाजात वाचू लागला, "घ... र... म. घरम! बाई, घरम म्हणजे घर ना?"

बाई हसल्या. "अरे, तो घ नाही, ध आहे. नीट बघ. घ च्या डोक्यावर पूर्ण छप्पर असतं. ध चं छप्पर एका बाजूनं उघडं असतं."

पण बोलून काय उपयोग? वर्गाने तोवर त्या तासाचे नाव 'घराचा तास' ठेवूनही टाकले होते. बाईंना ते इतके आवडले, की त्यांनी पडत्या फळाची आज्ञा मानली आणि एक नियमच केला. माझ्यावर बसून जो बोलेल, त्याने 'आमच्या घरी' असे म्हणून सुरुवात करायची. 'खरं म्हणजे' चालणार नाही, आणि 'तुमचं चुकतं' तर मुळीच नाही.

मग काय विचारता! "आमच्या घरी आई दिव्याला नमस्कार करते." "आमच्या घरी कोणी वारलं, की सगळे मिळून गातात." "आमच्या घरी आजी डोळे मिटून देवाचं नाव घेते, आणि कधी कधी घोरते. ती म्हणते, मी घोरत नाही." मुले हसत, प्रश्न विचारत, आणि तास संपला तरी उठायला तयार नसत. मोठ्या बाई पाहणीला आल्या तेव्हा त्यांनी विचारले, "इथं भांडणं कशी होत नाहीत?" बाईंनी नुसते माझ्याकडे बोट दाखवले. आता ती किमया नियमाची होती की माझी, हे मी माझ्या तोंडाने कशाला सांगू?

पण मित्रांनो, सगळे दिवस सारखे नसतात. त्याच वर्षी मधेच वर्गात एक नवी मुलगी आली. तिचे वडील घड्याळे दुरुस्त करत, म्हणून मुलांनी तिला 'टिकटिक' म्हणायला सुरुवात केली, आणि तिलाही ते नाव आवडले. घराच्या तासाला तिची पाळी आली.

"आमच्या घरी..." ती अडली. मग हळूच म्हणाली, "आमच्या घरी काहीच नाही. देव नाही. प्रार्थना पण नाही."

"मग तू घराच्या तासाला कशाला आलीस?" भोंगा ओरडला. "तुला घरच नाही!"

सगळे खो खो हसले. बाई म्हणाल्या, "हसू नका रे. बरं, पुढं कोण?" आणि तास पुढे सरकला. टिकटिकची बोटे मात्र माझ्या लोकरीत घट्ट रुतून बसली होती. मला फार फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. ते एकेक शब्द तोलून बोलले.

"बाई, आमच्याकडे देवधर्म करत नाहीत, हे खरं आहे. पण माझी पोर काल घरी येऊन विचारते, बाबा, आपलं घर खोटं आहे का? मी काय सांगायचं तिला?"

"अहो, मुलं बोलून जातात..."

"मुलं बोलली, तुम्ही ऐकलंत. आता तिला या तासाला बसवू नका, एवढंच सांगायला आलोय."

त्या दिवसापासून घराच्या तासाला टिकटिक दाराबाहेर, ओसरीतल्या बाकावर बसू लागली. माझी झालर उंबरठ्यापर्यंत पोचत असे. कोणी सांगितलेले नसताना ती बूट काढी, वाकून माझ्या झालरीचे दोरे हातात घेई आणि त्यांच्या बारीक बारीक वेण्या घालत बसे. आत मुले बोलत, तेव्हा तिची बोटे थांबत. माझा तोरा पार उतरला. एक पोर बाहेर बसते आहे, तर मी नरम असून उपयोग काय, असे मला वाटू लागले.

बाईंनाही ते टोचत होते. त्या वेण्या त्यांनी पाहिल्या आणि एके दिवशी तासाआधी त्यांनी माझे एक टोक धरले. झाडलोट करणाऱ्या मावशींना हाक मारून त्या मला दाराकडे ओढू लागल्या. माझी कड उंबरठा ओलांडून ओसरीत गेली, थेट त्या बाकाखाली.

"बाई, दार लागायचं नाही हं अशानं," मावशी म्हणाल्या.

"लागू नये म्हणूनच ओढतेय. तिला तासाला बसवू नका, असं म्हणालेत तिचे वडील. गालिचा कुठवर पसरायचा, ते नाही म्हणाले."

नेमके त्याच दिवशी टिकटिकचे वडील तिला न्यायला लवकर आले. समोर गालिचा दिसताच त्यांनी सवयीने चपला काढल्या, आणि माझ्यावर पाय टाकल्यावर त्यांच्या लक्षात आले, की आपण तासाला येऊन उभे राहिलो आहोत. भोंगा कुठला गप्प बसतो? "काका, गालिच्यावर आलात, आता बोलावं लागेल! तुमच्या घरी काय करतात?"

वडिलांचा चेहरा कठोर झाला. ते काही बोलणार, एवढ्यात बाकावरून बारीक आवाज आला.

"आमच्या घरी आजोबांच्या घड्याळाला चावी देतात. रोज. तेव्हा कोणी बोलत नाही."

वडील एकदम तिच्याकडे वळले. "अगं, ते काही धर्मबिर्म नाही."

"मग काय आहे, काका?" भोंग्याने विचारले, आणि या वेळी त्याचा आवाज चक्क हळू होता.

वडिलांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "आमच्या घरी... माझे वडील गेले, तेव्हा त्यांचं घड्याळ चालू होतं. ते बंद पडू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. बस, एवढंच."

"चावी द्यायच्या आधी हात धुता?" एका मुलीने विचारले.

"धुतो."

"आणि विसरलात तर?"

"विसरत नाही, बाळा."

"मग यांच्या घरी आहे की!" भोंगा ओरडला. मग तो बाकाकडे बघून पुटपुटला, "टिकटिक, मी उगाच बोललो."

"याला धर्म म्हणू नको हं," वडील त्याला म्हणाले. "घर म्हण."

बाई पुढे आल्या. "चूक माझी होती. ती 'काहीच नाही' म्हणाली, तेव्हा मी पुढच्या मुलाकडे गेले. मी तिथंच थांबायला हवं होतं." मग त्यांनी हलकेच विचारले, "आत घेऊ का हिला?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

टिकटिक बाकावरून उतरली. "बाबा, तुम्ही पण चला."

"सरका रे, सरका!" मुलांनी एकच गलका केला, आणि तो एवढा मोठा माणूस गुडघे पोटाशी घेऊन, अर्धा वर्गात आणि अर्धा ओसरीत, माझ्यावर बसला. टिकटिक मात्र तडक फळ्यापाशी गेली. तिने खडूने 'घर' लिहिले. थोडा विचार केला, आणि घ च्या छपराचा डावा तुकडा बोटाने पुसून टाकला.

"बाई, घराचं छप्पर एका बाजूनं उघडलं, की ध होतो," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यावर किती धडे झाले, त्यांची गणती नाही. पण त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तो पुन्हा कधी वाटला नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या. तुकडे जोडून पसरायच्या रबरी चटया आल्या, कानामागून आल्या आणि तिखट झाल्या! मला गुंडाळून कपाटावर टाकले. उंदरांनी एक कोपरा चाखून पाहिला, धुळीने नक्षी झाकली. पण लोकर पक्की आहे, आणि गाठी तर तुम्हाला माहीतच आहेत. आता तुमच्या नव्या बाईंनी मला खाली काढले आहे. काल त्या माझी वेडीवाकडी झालर सारखी करायला कात्री घेऊन बसल्या, तेव्हा म्हाताऱ्या मावशींनी त्यांचा हात धरला. "तेवढी नका कापू, बाई. कुणीतरी घातलेल्या वेण्या आहेत त्या."

तेव्हा माझे एवढे ऐका. मला अधूनमधून उन्हात टाका, झटका, फाटलो तर शिवा. तेवढ्यावर मी अजून पुष्कळ वर्षे काढीन. पण पसरताना माझी ही वेण्यांची कड दाराबाहेर जाऊ द्या, आणि तिथे कोणी बसलेले दिसले, तर त्याला आत बोलावण्याआधी जरा सरकून घ्या.