कुसाबाईचे पंच

सिडकोत पिठाची गिरणी चालवणाऱ्या कुसाबाईची नात योगिनी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गिरणारे गावाजवळच्या एका मळ्यात गेली आणि बिअर पिताना पोलिसांच्या हाती लागली. वय सतरा. बारावी झाली की पोलीस भरतीला उतरायचं, हे तिनं आठवीतच ठरवलेलं. त्यामुळे घरात सगळ्यांना तिच्या वर्दीचीच काळजी पडली.

पहिला बोलला तो तिचा बाप, वाल्मीक. "प्यायलीच नाही म्हणून सांगू. कुणीतरी कोल्ड्रिंकमध्ये मिसळली."

"पोलिसांनी धरलेल्या पार्टीच्या फोटोत पोरगी ग्लास धरून हसतीये," कुसाबाई म्हणाली. "तुझं खोटं वेशीपर्यंतसुद्धा चालायचं नाही."

वकील संजना त्याच गल्लीतली, याच गिरणीच्या पिठावर वाढलेली. तिनं उलगडून सांगितलं. योगिनी अठराच्या आतली, म्हणून तिला मोठ्यांच्या कोर्टात नाही, बाल न्याय मंडळापुढं जायचं. गुन्हा नाकारला तर साक्षी, पुरावे, तारखा. कबूल केला तर बहुतेक समज देतील, समुपदेशन आणि थोडी समाजसेवा लावतील. "आणि यावरून पुढं तिला नोकरीला अपात्र ठरवता येत नाही, आजी. कायदाच तसा आहे. पण काय सांगायचं, ते तिचं तिनं ठरवायचं."

"मी प्यायले," योगिनी म्हणाली. "खोटं बोलून वर्दी नको मला."

कुसाबाईचा ऊर भरून आला. तोंडानं मात्र ती म्हणाली, "प्यायची अक्कल नव्हती, बोलायची आहे म्हणायची."

कुसाबाईचं माहेर देवळा तालुक्यातलं. तिकडं पोर चुकलं की पाच जाणती माणसं घेऊन चावडीवर जायचं. पोरानं हात जोडायचे, पंचांनी "पदरात घेतलं" म्हणायचं, मग गावात कुणी टोमणा मारायचा नाही. तारखेच्या दिवशी कुसाबाई तशीच निघाली. पुढं योगिनी आणि वाल्मीक, मागं गल्लीतली पाच जाणती माणसं: फेटेवाले गोटीरामतात्या, कलाबाई आणि आणखी तिघं.

संजनानं दारातच कपाळाला हात लावला.

मंडळाच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजी, ही सुनावणी बंद दाराआड असते. मुलीचं नाव बाहेर कळू नये, म्हणूनच."

योगिनीनं आजीकडं पाहिलं. "तू सगळ्यांना सांगितलंस?"

 कुसाबाई पाचही जणांना घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसली. आपल्याच हातानं पोरीचं नाव चव्हाट्यावर मांडलं, हे तिला आत आत टोचत राहिलं.

आत संजनानं सांगितलं तसंच झालं. समज, समुपदेशन आणि काही रविवार वृद्धाश्रमात काम.

योगिनी बाहेर आली. आजीचा उतरलेला चेहरा तिनं बघितला आणि सरळ बाकासमोर जाऊन हात जोडले. "तात्या, मी प्यायले. चुकले."

गोटीरामतात्यांनी फेटा सारखा केला. "पदरात घेतलं," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

कुसाबाई पदर खोचून उभी राहिली. "ऐकलं ना सगळ्यांनी? यातला एक शब्द जरी गल्लीत फुटला, तर फोडणाऱ्याचं दळण माझ्या गिरणीत बंद."

"मग खायचं काय आम्ही?" कलाबाई म्हणाली.

"तोंड आवरलं तर भाकरी."

योगिनी हसली. आजीची पिशवी तिनं आपल्या खांद्यावर घेतली.