लब आणि डबच्या मधला आवाज

मी बोलतोय. नर्सिंग कॉलेजच्या वर्गात, टेबलाच्या डाव्या कडेला बसलेला स्पीकर. उजव्या कडेचा माझा जोडीदार. लॅपटॉपमधून आवाज आधी माझ्याकडे येतो, मग तारेतून त्याच्याकडे जातो. त्यामुळे बोलायची पाळीही माझ्यावरच.

दाबलेल्या भुश्शाची चौकोनी पेटी, एक लोहचुंबक, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि पुढे कागदाचा पडदा, एवढाच माझा देह. कागद थरथरतो, हवा थरथरते आणि समोर बसलेलं माणूस हसतं किंवा डोळे पुसतं. हे कसं होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

कारखान्यातून आम्ही थेट दुकानात आलो. खोक्यातून काढताना दुकानदाराच्या हातून मी निसटलो आणि माझा एक कोपरा उडाला. मग आम्हाला नमुना म्हणून फळीवर मांडलं. आमच्या शेजारी रंगीत दिवे लुकलुकणारे स्पीकर होते. गिऱ्हाईक यायचं, आवाज पूर्ण चढवून गाणं लावायचं, काचा थडथडल्या की खूश व्हायचं आणि दिवेवाल्यांना घेऊन जायचं. माणसं स्पीकर डोळ्यांनी निवडतात, हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

एके दिवशी दोघी बहिणी आल्या. थोरली नर्सिंग कॉलेजात शिकवणारी बाई, मोजकं बोलणारी. धाकटीचं केस कापायचं दुकान. तिचं तोंड कात्रीपेक्षा वेगात चालायचं. दुकानाच्या चार पायऱ्या चढून आल्यावर मात्र ती दाराला टेकून थांबली होती.

"दादा, लॅपटॉपसाठी स्पीकर दाखवा. उत्तम हवेत आणि स्वस्त हवेत," धाकटी म्हणाली. "हिच्या कॉलेजचा हात जरा आखडता आहे."

"कोणतं गाणं लावू?" दुकानदाराने विचारलं.

"गाणं नको. माझ्याकडे आहे," म्हणत बाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि काहीतरी सुरू केलं.

दुकानदाराने कान पुढे केला. "मॅडम, काहीच वाजत नाहीये."

"वाजतंय. हृदयाचे ठोके आहेत. इतका खालचा आवाज लॅपटॉपच्या एवढ्याशा स्पीकरला झेपत नाही. आणि मला तो चाळीस मुलींना ऐकवायचाय."

आधी दिवेवाल्यांना तार जोडली. ढम्म! ढम्म! धाकटी खुदकन हसली. "ताई, हे हृदय आहे की कुणी दार बडवतंय?"

बाईंनी मान हलवली. "खालचा आवाज फुगवून नकोय मला. जसा आहे तसा हवा."

मग त्यांची नजर माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर गेली. त्यांनी मला उचलून वजन पाहिलं, पेटीवर बोटाने टकटक केली. आवाजाचं बटण अगदी सावकाश फिरवलं. ते खरखरलं नाही. भिंतीला चिकटलेल्या आम्हा दोघांना त्यांनी वीतभर पुढे ओढलं. सगळं तपासून झालं, तेव्हा कुठे तार जोडली.

लब-डब. लब-डब.

मी थक्क झालो! आजवर माझ्यातून गाणी गेली, जाहिराती गेल्या. पण हे असं काही माणसांच्या आत अखंड चाललेलं असतं आणि वरून पत्ताही लागत नाही? दुकानदाराचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला. धाकटीसुद्धा गप्प झाली, म्हणजे बघा.

"हेच द्या," बाई म्हणाल्या.

"कोपरा गेलाय मॅडम."

"कोपऱ्यातून थोडाच आवाज येतो?"

दुकानदार हसला आणि कॉलेजला परवडेल एवढ्यात आम्हाला देऊन मोकळा झाला.

वर्गात नेण्याआधी बाईंनी आम्हाला घरी जेवणाच्या टेबलावर मांडलं. लॅपटॉपला जोडता येणारा स्टेथोस्कोप त्यांनी कॉलेजातून आणला होता. धाकटी भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढून आली आणि खुर्चीत धपकन बसली.

"हे काय, लगेच कामाला लागलीस?"

"एखादं खरंखुरं हृदय लावून बघायचंय."

"मग माझं घे की! फुकट आहे."

बाईंनी हसत तिच्या छातीवर स्टेथोस्कोपची चकती ठेवली.

लब. मग खरखरता सुस्कारा, अर्धवट बंद नळातून पाणी जोराने घुसावं तसा. मग कुठे डब.

"अय्या, किती छान येतंय!" धाकटी म्हणाली.

 बाईंनी चकती जरा सरकवली. तोच सुस्कारा. त्यांनी माझी तार काढून पुसली, पुन्हा घट्ट बसवली. तोच सुस्कारा. मग चकती स्वतःच्या छातीवर ठेवली. लब-डब, लब-डब, निवळशंख. पुन्हा धाकटीच्या छातीवर. लब, खर्रर्र, डब.

बाई माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती मी विसरणार नाही. मी बिघडलेला निघावा, एवढीच आशा होती तिच्यात. आणि खरं सांगतो, मलाही तेच वाटत होतं. उत्तम स्पीकर म्हणून निवडलेल्या मला, त्या घटकेला भिकार ठरायचं होतं.

"तुला दम कधीपासून लागतोय गं?"

"दम कसला? वजन वाढलंय माझं. जिने काय कमी आहेत तुझ्याकडे?"

"चक्कर येते?"

"दिवसभर उभं राहिलं की येते कधीतरी. ताई, तू अशी का बघतेस?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "उद्या दुकान बंद ठेव. आपण हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"एका खोक्याचं ऐकून?"

"हो. एका खोक्याचं ऐकून."

पुढचं मी घरातल्या बोलण्यातून गोळा केलं. धाकटीच्या हृदयातली एक झडप आखडली होती, पुरती उघडतच नव्हती. सगळं रक्त चिंचोळ्या फटीतून जोर करून जात होतं. त्याचा तो सुस्कारा. ऑपरेशन तातडीने करायचं ठरलं. धाकटीचा नवरा टेबलाशी येऊन बसायचा आणि चहा गार होईपर्यंत कप धरून राहायचा. एकदा बाई मला म्हणाल्या, अगदी माणसाला म्हणावं तसं, "रोज भेटायची रे ती. इतक्या जणांच्या छातीला नळी लावली मी, पण घरच्यांना कोण लावतं?" आम्हाला आमचं असं काही बोलता येत नाही. कुणी दिलं तरच आम्ही बोलतो.

शेवटी एका दुपारी धाकटी आली. वाळली होती, पण जिने स्वतः चढून आली. बाईंनी चकती ठेवली.

लब-टिक. लब-टिक.

सुस्कारा पार गेला होता. आणि ही टिकटिक? डॉक्टरांनी तिला कृत्रिम झडप बसवली होती. ती मिटली की वाजत होती. म्हणजे तिच्या काळजात आता माझ्यासारखीच माणसाने घडवलेली एक वस्तू होती, आणि तिच्या उघडझापेवर धाकटीचं हसणं, रागावणं, कात्री चालवणं चालू होतं! त्या एवढ्याशा वस्तूपुढे माझी पेटी, माझा चुंबक कसल्या मोठेपणाचे? पण ती जगाला ऐकू आली ती माझ्यातून, हे काय थोडं झालं?

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. धाकटीने मात्र कान टवकारले. "हेच ते! आमच्या ह्यांना वाटलं, उशीखाली घड्याळ राहिलं. सगळी गादी उलटीपालटी केली बिचाऱ्यांनी!"

आता आमचा मुक्काम वर्गात असतो. नव्या मुली आल्या की धाकटी आपलं दुकान जरा वेळ मिटून येते आणि माझ्यासमोर खुर्चीत बसते. स्पीकर निवडायला जाल तेव्हा आवाज एकदम चढवू नका. आधी थोडा उतरवून ऐका, आणि घरचं एखादं माणूस शेजारी बसवून घ्या, एवढीच माझी विनवणी.

बघा, ती आलीच. मुलींची कुजबुज चाललीये. बाई तार जोडतायत, धाकटी पदर सारखा करतेय. मला आता गप्प बसायला हवं. बोलायचं आहे ते तिच्या हृदयाला.