वाढ

फ्लास्कमधला, पेशींना पोसणारा गुलाबी द्राव पिवळसर झाला होता. म्हणजे पेशी भुकेल्या होत्या, भराभर वाढत होत्या — इतके दिवस सगळे ज्याची वाट पाहत होते ते एकदाचं सुरू झालं होतं, आणि सकाळीच वॉर्डातून फोन आला होता की ज्या पेशंटसाठी हे चाललं होतं ती बाई गेली. तिच्याच रक्तातून काढलेल्या, तिच्याच आजाराशी झुंजायला तयार केलेल्या या पेशी. त्यांना मात्र कुणी काही कळवलं नव्हतं.

"टाकून देऊ ना?" शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी विचारलं.

"असू द्या. मी बघते."

त्या पेशी वाढवणाऱ्या संशोधिकेनं फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. गोल, चकचकीत, झुबक्याझुबक्यानं बिलगलेल्या... दुःख होत नव्हतं. व्हायला हवं होतं का? डॉक्टरकी अर्ध्यावर सोडून ती इकडं वळली तेव्हा वडील म्हणाले होते, "माणसं सोडून काचेची भांडी विसळत बसणार?" — आणि कितीतरी दिवस धड बोलले नव्हते. त्यांना कसं सांगणार, की खाटेवरची माणसं आशेनं काहीबाही विचारत राहतात, आणि पेशी काही म्हणजे काही विचारत नाहीत... मग प्रयोगाचे उंदीर आले, पदवी आली, परक्या प्रयोगशाळांमधली वर्षं आली, ही खोली आली. आणि काल विभागप्रमुख म्हणाले, "आता वॉर्डाकडचं काम तू बघ. पेशंटशी, घरच्यांशी बोलायचं. बढतीच आहे. विचार करून सांग." विचार कसला करायचा? नकार तयारच होता.

दुपारी दाराच्या काचेपलीकडे एक माणूस दिसला. हातात कपड्यांची पिशवी. ती बाहेर आली.

"माझी बायको वरच्या वॉर्डात होती," तो म्हणाला. "तिच्या पेशी तुम्हीच वाढवत होतात ना?"

"हो."

"वाढल्या होत्या का हो?"

नाही म्हणणं सोपं होतं. उपायच लागू पडला नाही असं समजून हा घरी जाईल. हो म्हटलं, तर थोडक्यात हुकलं हे आयुष्यभर उगाळत बसेल... मला हे कुणी शिकवलेलं नाही.

"वाढत होत्या," ती म्हणाली. "छान वाढत होत्या. अजून थोडे दिवस हवे होते."

त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग हसला की काय, कळलं नाही.

"तिचं सगळं असंच. लग्नालासुद्धा उशिरा पोचली होती. भटजी जांभया देत होते."

एवढ्यावर आत जाता आलं असतं. फ्लास्क तसाच पडला होता, हात धुवायचे होते.

"का?" तिनं विचारलं. "कशानं उशीर झाला होता?"

विचारल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. या उत्तराचा कुठल्याच कामाला उपयोग नव्हता. तो पिशवी खाली ठेवून आठवू लागला, आणि त्यानं सांगताना घाई करू नये असं तिला वाटत राहिलं.