वारा येतो, दादा

“रक्त इतकं लाल नसतं,” असं स्वतःशीच म्हणत विषबाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

“म्हणूनच तर आलोय, बाई,” समोरच्या स्टुलावरून इन्स्पेक्टर म्हणाला. बाहेरच्या माणसाला प्रयोगशाळेत बसू देत नसत, पण तो वरिष्ठांच्या परवानगीने आला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. “पोस्टमॉर्टेमवाले डॉक्टर म्हणाले, मेल्यावर पाठीवर उमटतात ते डागसुद्धा दोघांचे लालबुंद होते. सायनाइडनं असं होतं म्हणे.”

“होतं. पण फक्त सायनाइडनंच होतं असं नाही.”

“मुलीचा भाऊ मुलामा देण्याच्या कारखान्यात कामाला आहे. तिथं सायनाइड हाताशीच असतं. बहिणीनं मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून यानं वर्षभर तिचं तोंड पाहिलं नाही. मग एकदम माया उतू आली. येणं-जाणं सुरू झालं. आदल्या संध्याकाळी मिठाई घेऊन गेला, आणि सकाळी नवरा-बायको दोघं गार. आंधळ्यालाही दिसेल, बाई.”

“मला डोळे आहेत ना, साहेब. म्हणून जरा वेळ लागतो.”

इन्स्पेक्टर कसनुसा हसला आणि उठून गेला.

प्रेतांतलं विष शोधायची नोकरी, म्हणून विषबाई हे नाव त्यांना वसाहतीतल्या शेजाऱ्यांनी ठेवलं होतं. “त्यांच्याकडचा चहा जरा जपून घ्या हो,” असं एकमेकांना सांगत सगळे मजेत चहा पिऊन जात. सासूबाई हयात होत्या तोवर नातेवाइकांना सांगत, “सून औषधांच्या खात्यात आहे.” त्यात अगदीच खोटं नव्हतं. बरण्यांतून, बाटल्यांतून माणसांचे तुकडे यायचे. जठर, यकृत, थोडं रक्त. वर नंबर. बाईंनी त्या नंबरामागचं नाव कधी विचारलं नाही. एकदा विचारलं की मग घरी जाऊन कणीक मळवत नाही, हे त्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या. संध्याकाळी नवरा विचारायचा, “आज काय निघालं?” त्या म्हणायच्या, “उंदराचं औषध,” नाहीतर “काही नाही, बिचारा आपल्या मरणानं मेला.” मग दोघं जेवायला बसत.

इन्स्पेक्टर गेल्यावर त्यांनी दोन काचनळ्यांत पाणी घेतलं. एकीत साध्या रक्ताचे थेंब टाकले, दुसरीत त्या मुलीच्या. दोन्हींत कॉस्टिक सोडा सोडला. साधं रक्त बघता बघता शेवाळलेल्या पाण्यासारखं मळकट झालं. मुलीचं मात्र गुलाबी ते गुलाबीच राहिलं. मुलाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, रक्तानंही तेच केलं. बाईंनी नळ्या ठेवल्या आणि थोडा वेळ हात पुसत उभ्या राहिल्या. मग पुढच्या यंत्रावर नमुने लावले. सायनाइडची वेगळी तपासणी केली, पुन्हा केली, आणि आपलीच खात्री पटेना म्हणून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडूनही करून घेतली. सायनाइड कुठेही नव्हतं. मिठाईतही नव्हतं. दोघांच्या रक्तात भरला होता कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास; माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही.

त्यांनी इन्स्पेक्टरला फोन केला. “त्यांच्या घरी आंघोळीचं पाणी कशावर तापतं?”

“गॅसचा गीझर आहे. का?”

“बाथरूममध्येच आहे?”

“हो. मुलगी आत पडली होती, मुलगा दाराशी. नळ वाहत होता. पण बाई, गीझर तर बंद होता.”

“सिलेंडर बघितला?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “रिकामा होता,” इन्स्पेक्टर म्हणाला.

“म्हणजे गॅस संपेपर्यंत गीझर जळत होता. मला ती जागा बघायची आहे.”

हेही बाईंचं नेहमीचं काम नव्हतं. त्यांची जागा टेबलाशी. पण भाऊ कोठडीत होता, आणि नुसत्या आकड्यांवर इन्स्पेक्टर त्याला सोडील असं त्यांना वाटेना. वायू शरीरात सापडला, पण आला कुठून, हे दाखवायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वायू मोजायचं यंत्र घेऊन गेल्या. एक खोली, एक ओटा, कोपऱ्यात बाथरूम. दोरीवर अजून दोन टॉवेल वाळत होते. घर जसं सापडलं तसंच ठेवलं होतं. मुलाचे वडील आधीच येऊन भिंतीला टेकून उभे होते. आयुष्यभर ट्रक चालवलेला धिप्पाड म्हातारा, पण सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. पोलिसांनी भावाला आणलं तेव्हा म्हाताऱ्याने मान फिरवली.

“हा फासावर गेल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही,” तो बाईंना म्हणाला. मोठ्याने नाही, एखादी ठरलेली गोष्ट सांगावी तसा.

भाऊ तिशीचा असेल. बोटं कारखान्यातल्या रसायनांनी पिवळी पडलेली. त्याने कुणाकडेच पाहिलं नाही.

“गीझर कुणी बसवला?” बाईंनी विचारलं.

“मी. आणला पण मीच.” तो खाली बघत सांगू लागला. “वर्षभर बोललो नव्हतो तिच्याशी. रिकाम्या हातानं कसा जाणार? थंडीत गार पाण्यानं आंघोळ करत होते दोघं.”

बाईंनी बाथरूम पाहिलं. उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. वर छोटी खिडकी. तिच्यावर आतून पुठ्ठा लावलेला, चारही बाजूंनी पट्टीने घट्ट चिकटवलेला. कुठे सुरकुती नाही, कुठे फट नाही. त्या क्षणभर पुठ्ठ्याकडे पाहत राहिल्या आणि मग बाहेर आल्या.

नवा सिलेंडर जोडला. बाईंनी नळ सोडला, गीझर पेटला, त्यांनी दार ओढून घेतलं आणि यंत्राची नळी दाराच्या फटीतून आत सोडली. सगळे ओट्याजवळ उभे राहिले. सुरुवातीला यंत्र शून्यावर होतं. मग आकडा सरकू लागला. इन्स्पेक्टर वाकून बघत होता. काही वेळाने तो सरळ झाला आणि त्याने टोपी काढून हातात घेतली.

“बंद जागेत ज्योतीला हवा पुरत नाही,” बाई म्हणाल्या. “मग असा वायू होतो. मुलगी आत पडली असणार. मुलगा तिला काढायला गेला आणि तोही पडला. विष कुणी दिलेलं नाही. तसा अहवाल मी आज देते.”

गीझर बंद केला, खोलीची दारं उघडली. जिन्यावरून शेजारणीच्या भांड्यांचा आवाज आत आला.

“म्हणजे मी सुटलो?” भावाने इन्स्पेक्टरला विचारलं.

“कागद व्हायचे आहेत. पण हो, सुटलास.”

त्याने मान डोलावली. मग तो बाथरूमच्या दारात गेला आणि वर बघत उभा राहिला. “तो पुठ्ठा मीच लावला,” तो म्हणाला. “आदल्या संध्याकाळी. मिठाई खाता खाता ती म्हणाली, दादा, खिडकीतून वारा येतो. म्हटलं, थांब, आत्ता बुजवतो. खाली जाऊन पट्टी घेऊन आलो.”

मग तो बाईंकडे वळला.

“बाई, खिडकी उघडी असती तर?”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. ‘सांगता येत नाही’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि इन्स्पेक्टरनेही ते चालवून घेतलं असतं. पण जे निघालं तेच सांगायचं, ही एकच गोष्ट त्यांनी जन्मभर केली होती, आणि तिच्याशी दगा करून या माणसाला काही मिळालं नसतं.

“उघडी असती तर बहुतेक वाचले असते,” त्या म्हणाल्या. “पण गीझर आत बसवायचा नसतो हे दुकानदारानं सांगायला हवं होतं. सांगितलं होतं?”

“नाही.”

“मग तुम्हाला कसं कळणार?”

भाऊ खाली बसला, उंबऱ्यातच. “विष निघालं असतं तर बरं झालं असतं,” तो हळूच म्हणाला. “लोक काय वाटेल ते म्हणाले असते. पण मी दिलेलं नाही हे मला तरी ठाऊक असतं.”

भिंतीला टेकलेला म्हातारा हे सगळं ऐकत होता. मग तो कुणाला न सांगता जिना उतरून गेला.

त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, “काय निघालं?” बाईंनी सगळं सांगितलं. ताटातलं तसंच राहिलं. नवरा गमत्या माणूस, पण त्या दिवशी त्याने गंमत केली नाही. बाईंचं ताट उचलून झाकून ठेवलं, एवढंच.

थंडी सरली, उन्हाळा आला. खुनाचा गुन्हा मिटला. बाईंकडे दुसऱ्या बाटल्या आल्या. एक दिवस शिपाई सांगत आला, फाटकावर एक माणूस आहे, आत सोडलं नाही तरी जात नाही. बाई खाली गेल्या. भाऊ होता. वाळला होता. खांद्यावरच्या पिशवीतून ड्रिल मशीन डोकावत होतं.

“बाई, एक विचारायचं होतं. बाथरूमच्या भिंतीला केवढं भोक पाडलं म्हणजे पुरतं?”

“कशासाठी?”

“आमच्या भागात पुष्कळ घरांत गीझर आतच आहेत. सुट्टीच्या दिवशी मी जातो. पहिल्यांदा लोक दारातूनच हाकलतात. मग मी बहिणीचं सांगतो. मग ऐकतात.”

बाईंनी पिशवीतल्या ड्रिलकडे पाहिलं. “भोकानं भागत नाही,” त्या म्हणाल्या. “गीझर बाहेर घ्यायचा, मोकळ्यावर. आत फक्त गरम पाण्याची नळी न्यायची.”

“नळी लांब लागेल.”

“लागेल.”

“जोड गळले तर?”

“गळू देत. पाणीच गळेल.”

त्याने ते मनात घोळवलं. “बरोबर,” तो म्हणाला. “मग दोन घरं परत करावी लागतील. तिथं नुसतंच भोक पाडून आलोय.” त्याने बाईंना नमस्कार केला आणि वळला.

रस्त्याच्या पलीकडे सावलीत तोच धिप्पाड म्हातारा लोखंडी शिडी भिंतीला टेकवून उभा होता. भाऊ जवळ गेला आणि त्याला काहीतरी समजावू लागला. बोलताना हाताने नळीचं वळण दाखवत होता. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग त्याने शिडी आडवी केली, पुढचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि मागचं टोक भाऊ उचलेपर्यंत थांबून राहिला.