रेडिओचे प्रमुख, संत क्रिसांतो

आमच्या गावात कुठलंही पद कुणाकडे वर्षाच्या वर ठेवत नाहीत. जानेवारीत गावसभा भरते, बोट दाखवते. ज्याच्याकडे बोट जाईल त्याने मुकाट्याने वर्षभर देवळाची घंटा वाजवायची, पाणी सोडायचं, नाहीतर रेडिओ चालवायचा. फुकट! गेल्या वर्षी रेडिओचं बोट आईकडे आलं आणि शाळेआधी पहाटे माइकवर मी बसायला लागले. आमच्या अयूक भाषेत गावाला उठवायचे, कुणाचं गाढव कुणाच्या मक्यात शिरलं ते नावानिशी सांगायचे. अर्धं गाव माझ्यावर चिडून होतं. म्हणजे अर्धं गाव ऐकत होतं की!

पण राजधानीतल्या परवाना कचेरीला एकच कायमचा प्रमुख हवा. तीस वर्षांसाठी! पहिला अर्ज सेवेरोकाकांच्या नावाने गेला. उत्तर आलं तोवर काका देवळात घंटा बडवत होते. दुसरा फाउस्तिनोच्या नावाने, तर तो तोवर गावचा पोलीस झालेला. ‘अर्जदार पदावर नाही, प्रकरण बंद.’ प्रकरण बंद झालं की आम्ही पुन्हा बिनपरवान्याचे चोर.

तिसरा अर्ज गावसभेचे लेखनिक फिदेन्सिओकाका यांनी लिहिला. हे तरुणपणी शहरात एका वकिलाची गाडी धुवायचे, तेवढ्यावर स्वतःच वकील झाले. त्यांनी डोकं चालवलं. गावात कधीच न बदलणारं कोण? आमचे देवळातले संत क्रिसांतो! टाकलं नाव. पत्ता देवळाचा. सभेत एकालाही त्यात वावगं दिसलं नाही. संतांच्या नावावर गुरं आहेत, शेत आहे, मग रेडिओच का नको?

आणि कचेरीने ते मंजूर केलं! ‘श्री. क्रिसांतो यांनी महिनाअखेरीस स्वतः हजर राहून सही करावी, अन्यथा प्रक्षेपणाचं यंत्र जप्त.’

सभेत आई उभी राहिली. “आता तरी खरा माणूस द्या. तीस वर्षं कोण घेतंय?”

एरवी ‘माझ्या आज्याने पूल बांधला, माझ्या बापाने शाळा बांधली’ म्हणून छाती फुगवणारे पुरुष एकाएकी आपापल्या चपला न्याहाळायला लागले.

“तीस वर्षं फुकट?” सेवेरोकाका म्हणाले. “खून केला तरी लवकर सुटतो माणूस.”

“मग यंत्र नेतील उचलून.”

“नेतील कसे?” फिदेन्सिओकाका म्हणाले. “बोलावणं संतांना आहे ना? मग संत जातील!”

गेले. घोंगडीत गुंडाळून, ट्रकमध्ये, मांडीवर तमालांची, म्हणजे पानात उकडलेल्या मक्याच्या मुटक्यांची टोपली. संत बँडशिवाय उंबरठा ओलांडत नाहीत, म्हणून मागे बँडसुद्धा.

कचेरीतले साहेब चाळिशीचे, केसांना तेल, बुटांना पॉलिश. “हे काय आहे?”

“प्रमुख,” आई म्हणाली.

“बाई, हे लाकडी आहेत!”

“तुमच्या माणसांनी मंजूर करताना विचारलं नाही.”

साहेबांचे कान लाल झाले. “जिवंत माणूस आणा. कायमचा. दरवर्षी माणूस बदलणाऱ्यांच्या हाती सरकारने रेडिओ द्यायचा? जबाबदारी कुणावर टाकायची? नसेल माणूस, तर उद्या यंत्र जप्त.”

आईचा चेहरा उतरला. मी दाराशी टेकून होते. दारावर साहेबांच्या नावाचा कागद चिकटवलेला, एक कोपरा सुटलेला. खाली आणखी एक कागद दिसत होता. मी नख घातलं.

“साहेब, तुम्ही रामिरो ना? मग ही खाली ओफेलिया कोण?”

“माझ्या आधीच्या बाई. हात लावू नकोस पोरी.”

“आणि त्यांच्या खाली हा बाल्तासार?”

“त्यांच्या आधीचे.”

“तुम्ही कधी आलात?”

“मार्चमध्ये. का?”

“म्हणजे आमची आईसुद्धा तुमच्यापेक्षा जुनी!”

बँडवाले फिसकन हसले.

“माणसं बदलतात,” साहेब ओरडले, “कचेरी कायम असते!”

“आमची गावसभासुद्धा कायम असते. फरक एवढाच की तुम्हाला पगार मिळतो.”

साहेबांनी संतांकडे पाहिलं, जणू तेच काही मदत करतील. संत आढ्याकडे बघत होते. तेवढ्यात पितळी भोंगावाल्या अमान्सिओने सहज म्हणून फुंकर मारून बघितली. साहेब दचकून अर्धे उठले.

“आत नको! आत नको वाजवू! गावसभेच्या नावाने देतो. नियमात तशी सोय आहे.”

आई टेबलावर वाकली. “आहे? मग इतकी वर्षं सांगितली का नाहीत?”

“कुणी विचारलं नाही.”

संतांच्या मांडीवरचे तमाल साहेबांना द्यायचे म्हणून आणले होते, ते आईने त्यांच्यासमोरच बँडवाल्यांना वाटून टाकले. बरं केलं!

परवाना गावसभेच्या नावाने आला. संतांनी पद भूषवलं होतं, तेव्हा रीतीप्रमाणे पदाची काठी त्यांच्या हातात टेकवून मग आईकडे दिली, आणि त्यांना पुढच्या सगळ्या कामांतून सुट्टी. फिदेन्सिओकाका मात्र सणाच्या प्रत्येक पंगतीत सांगत फिरले, “युक्ती माझीच!” सभेने ते ऐकून घेतलं. जानेवारीत रेडिओचं पहिलं बोट त्यांच्याकडेच गेलं.

तर सध्या रेडिओचे प्रमुख फिदेन्सिओकाका आहेत आणि पहाटे गावाला अजून मीच उठवते. रोज पहिली बातमी तीच असते: काका अजून झोपलेत.