ढापणी

"ढापणी आली वो, ढापणी! सरका, शिंगं मारन!"

पंचफुला चष्मा लावून देवळात कीर्तनाला निघाली की ओट्यावरची टवाळ मंडळी अशी ओरडत. सन छत्तीसचा तो काळ. गावानं चष्मा पाहिलेला तहसीलदाराच्या नाकावर; पोरीच्या नाकावर म्हणजे तमाशाच. मामानं, चंपतनं, तो अकोल्याच्या डॉक्टरकडून आणून दिला होता.

पंचफुला हसून सोडून द्यायची. "बोलू दे माय. मले आता बुवाचे हातवारे दिसतात."

पण तिच्या आईला, सोजरबाईला, तो शब्द काट्यासारखा रुते. आसेगावचे मळेवाले जानराव मुलासाठी पाहायला आले, त्या सकाळी तिनं चष्मा काढून कणगीत दडवला.

"माय, मले समोरचं दिसत नाही वो."

"खाली मान घालून बस. ढापणीले कोन पत्करन?"

चंपत चिडला. "ताई, ढापण काय असते? घान्याच्या बैलाले दिसू नये म्हनून बांधतात ते. पोरीले चष्म्यानं दिसून राह्यलं, अन् तू तिचं दिसनंच काहाडून घेतलं!"

"तू चूप रे. पोरगी मले उजवाची हाय."

लग्न झालं. सासरी चष्म्याचं कुणाला सांगायचं नाही, अशी आईनं शपथ घातली. पंचफुलानं ती पाळली.

चैत्रातल्या एका सकाळी सासू गोजराबाई म्हणाली, "बाई, विहिरीवर मोटेचा दोर पडला हाय, तेवढा उचलून ठेव." मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी वेटोळं दिसलं. पंचफुलानं हात घातला. तो दोर नव्हता. मंगरूळच्या दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीतच, ती गेली.

दिवसपाणी झाल्यावर शेजारणीनं, लखमानं, सोजरबाईला हाताला धरून कीर्तनाला नेलं. नामानं दुःख हलकं होतं, हे सोजरबाईनंच गावाला शिकवलेलं.

बुवा रंगात आले होते. अंधारात दोरी पाहून साप साप करत पळालेला माणूस त्यांनी धोतर सावरत पळून दाखवला. मंडप खदखदून हसला.

सोजरबाई उठून उभी राहिली. "बुवा, अन् सापालेच दोर समजून धरलं तं?"

बुवा हसले. "माउली, असा येडा कोण असन?"

"येडी नोती वो. तिले दिसत नोतं. मीच दिसू नाही देलं."

बुवांच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. लखमानं तिचा पदर ओढला, "बस वो बाई, देवाचं काम चालू हाय."

सोजरबाई बसली नाही.